कै. डॉ. भाऊ दाजी लाड : रुग्णांचे सखे, सत्याचे साक्षी



घरचा डॉक्टर हा शब्द आता आपल्या बोलण्यातून मागे पडत चालला आहे. आमच्या इंदिरानगरात आज गल्लोगल्ली रुग्णालये आहेत, तपासण्यांची यंत्रे आहेत, निष्णात तज्ज्ञही आहेत. परंतु ज्याला आजोबांचा दमाही ठाऊक असे आणि नातवाची परीक्षाही, अशा डॉक्टरची जागा रिकामीच राहिली आहे. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आपल्या सारस्वत समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र लिहावे, अशी मंडळाने आज्ञा केली, तेव्हा मला प्रथम स्मरण झाले ते कै. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म सन १८२२ मध्ये गोमंतकातील पेडणे भागातल्या मांद्रे या गावी झाला. घरची स्थिती बेताची. उदरनिर्वाहासाठी वडील कुटुंब घेऊन मुंबईस आले. त्या काळी ते मातीच्या बाहुल्या करून विकत, असे सांगतात. मुलगा बुद्धिबळात विलक्षण चतुर होता. त्याचा खेळ पाहून एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यास इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांस दिला, अशीही एक आख्यायिका आहे. ती काही असो, भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडात जन्मतःच मुलींचा घात करण्याची जी दुष्ट चाल होती, तिजवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. मी स्वतः आयुष्यभर शाळेत खडू हाती धरला. त्यामुळे हा महापुरुष आरंभी आमच्याच पेशातला होता, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

सन १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊंनी हातची शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. प्रेताला हात लावणे म्हणजे धर्म बुडविणे, असे मानणारा तो काळ होता. सन १८५१ मध्ये या महाविद्यालयातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ होते. त्यांच्या सहाध्यायांत पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग होते, तसेच पारशी व ख्रिस्ती तरुणही होते. एकाच बाकावर बसून वैद्यक शिकलेल्या या तरुणांनी रुग्णाची जात न विचारण्याचा धडा तेथेच घेतला असावा.

पदवी मिळाल्यावर भाऊंनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय थाटला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजचेच पदवीधर होते. या दोघा बंधूंनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांच्या हवेल्यांत भाऊंना मानाने बोलावणे येई. परंतु ज्याच्यापाशी देण्यास काही नाही, त्याच्यासाठीही त्यांचे दार उघडे असे. शस्त्रक्रियेत व प्रसूतीच्या उपचारांत त्यांचा हात चांगला चाले.

महारोगाच्या रुग्णांकडे मात्र त्यांचे विशेष लक्ष होते. ज्यांस घरातून व गावातून हाकलले जाई, अशा या माणसांना भाऊंनी जवळ केले आणि कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे उपचार त्यांवर केले. या औषधाची कीर्ती दूरवर पसरली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या औषधाचे नाव भाऊंनी बराच काळ गुप्त ठेवले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. गुणाची पुरती खात्री पटेपर्यंत ते उघड करू नये, असा त्यांचा हेतू असल्याचे त्यांचे चाहते म्हणत. औषध उघड झाले असते तर इतर वैद्यांनाही त्याची पारख करता आली असती, असे मला वाटल्यावाचून राहत नाही. महारोगाचे जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी सन १८७३ मध्ये, म्हणजे भाऊंच्या मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी पाहिले. पुढे सन १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत त्याच वर्गातील झाडांचे तेल जगभर या रोगावर वापरले जात होते.

आता त्यांच्या चरित्रातील अशा प्रसंगाकडे वळतो, की जो प्रत्येक ज्ञातिमंडळाने मनन करण्यासारखा आहे. सन १८६० मध्ये करसनदास मुळजी या निर्भीड गुजराती संपादकाने आपल्या पत्रात वैष्णव महाराजांपैकी काहींच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रूनुकसानीचा दावा लावला. भाटिया ज्ञातीच्या काही पुढाऱ्यांनी सभा भरवून, महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, दिल्यास त्यास वाळीत टाकावे, असा घाट घातला. त्याबद्दल न्यायालयात त्यांना दंडही झाला. ज्ञातीची एकजूट अडल्यानडल्याच्या उपयोगी पडते, तशीच ती सत्याचा गळाही दाबू शकते, याचे हे ढळढळीत उदाहरण होय.

सन १८६२ च्या आरंभी मूळ खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात उभा राहिला. भाऊंना साक्षीस पाचारण झाले. महाराजांवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केला होता, असे त्यांनी शपथेवर सांगितले. महाराजांच्या पक्षाला हे मान्य नव्हते, म्हणूनच डॉक्टरच्या शब्दाला तेथे मोल होते. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म. तथापि न्यायासनासमोर शपथ घेतल्यावर खोटे बोलणे हा कोणाचाच धर्म नव्हे. या दोहोंच्या पेचात सापडलेल्या माणसाच्या मनाची घालमेल आपण कल्पनेनेच जाणू शकतो. सांगितले असते तर बडे यजमान दुरावणार, आणि न सांगितले तर एक सच्चा माणूस बुडणार! भाऊंनी सत्य सांगितले. दिनांक २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

भाऊंचे कार्य दवाखान्यापुरते नव्हते. सन १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शिक्षणाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली. सन १८६९ व १८७१ अशी दोन वेळा त्यांना मुंबईच्या नगरपालाचा, म्हणजे शेरीफचा, मान मिळाला. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील जे वस्तुसंग्रहालय सन १८७२ मध्ये लोकांना खुले झाले, त्याच्या उभारणीत त्यांनी अतोनात परिश्रम घेतले. सन १९७५ मध्ये त्या वास्तूस त्यांचेच नाव देण्यात आले.

प्राचीन शिलालेखांचा त्यांना मोठा नाद होता. दिवसा नाडी पाहावी आणि उसंत मिळेल तेव्हा ताम्रपट व शिलालेख लावावेत, असा त्यांचा क्रम असे. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले, गिरनारवरील महाक्षत्रप रुद्रदामन्याच्या लेखाचा अर्थ नव्याने मांडला. इंदिरानगरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या मातेचा लेख आहे. त्याच सातवाहन कुळातील एका राजाचा पराभव केल्याचे रुद्रदामन्याने गिरनारवर कोरून ठेवले आहे. माझ्या विद्यार्थ्यांना लेण्यांत नेले, की या दोन लेखांचा संबंध सांगताना मी भाऊंचे नाव आवर्जून घेत असे.

अखेरचे दिवस मात्र कष्टात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहू लागला आणि शेअरबाजाराचे वेड शिगेला पोहोचले. सन १८६५ मध्ये तो डोलारा कोसळला, त्यात भाऊंचेही द्रव्य बुडाले. जो पुरुष एवढा ज्ञानी, तोही या लाटेत सापडला, यावरून तरुण पिढीने बोध घ्यावा. परंतु संपत्ती गेली तरी त्यांची विद्या व सेवा चालूच राहिली. पुढे पक्षाघाताने त्यांना गाठले आणि सन १८७४ च्या मे महिन्यात, वयाची पुरती बावन्न वर्षेही झाली नसता, त्यांची प्राणज्योत मालवली.

भाऊ आपल्या समाजात जन्मले याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु त्यांच्या दवाखान्यात येणारा महारोगी कोणत्या जातीचा होता, हे त्यांनी पाहिले नाही. आणि ज्या करसनदासांसाठी त्यांनी साक्ष दिली, तेही आपल्या ज्ञातीचे नव्हते. तेव्हा त्यांची तसबीर सभागृहात लावून आपले ऋण फिटणार नाही. आपल्या मंडळातील घराघरांतून आज मुलेमुली वैद्यकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांपैकी एकाने जरी आठवड्यातील एक वेळ गरिबांसाठी राखून ठेवली, आणि आपल्या मंडळाच्या बैठकीत अप्रिय पण खरे बोलणाऱ्यास आपण शांतपणे ऐकून घेतले, तर भाऊंचे स्मरण खऱ्या अर्थाने केल्यासारखे होईल. अशी सद्बुद्धी आपणां सर्वांस लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवतो.