कावसजी

कावसजी हे अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याबरोबर बैल हाकण्याचे काम करणारे गृहस्थ होते. युद्धात कापले गेलेले त्यांचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवण्यात आले. या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला व आधुनिक सुघटन शस्त्रक्रियेच्या (प्लॅस्टिक सर्जरीच्या) इतिहासात कावसजींचे नाव कायमचे नोंदले गेले.

जीवन

समकालीन वृत्तान्तात कावसजींचा उल्लेख शेतकरी वर्गातील मराठा असा आहे. नाव मात्र पारशी वळणाचे आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–१७९२) ते टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. तेथे त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. सुटकेनंतर ते श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाले. पुढे त्यांना कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळू लागले.

नाक कापणे ही केवळ शारीरिक शिक्षा नव्हती. नाक कापले जाणे म्हणजे बेअब्रू होणे, हा अर्थ मराठी भाषेत आजही रूढ आहे. कावसजींना वर्षाहून अधिक काळ नाकाविना काढावा लागला.

शस्त्रक्रिया

१७९३ च्या पूर्वार्धात पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ही विद्या भारतात परंपरेने चालत आलेली होती. मुंबई इलाख्यातील शल्यचिकित्सक थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याला नाकाचा आकार देत. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याभोवती रेघ आखीत. त्या रेघेवरून कातडी सोडवून घेत, परंतु दोन्ही डोळ्यांमधला अरुंद देठ तोडीत नसत. नाकाच्या जागेवरील जुना व्रण खरवडून तेथे चीर देत. मग कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणीत व तिची कड त्या चिरेत बसवीत.

जखमेची निगा

कातडी जगणे व जखम सांधली जाणे, या दोन गोष्टींवर सारे यश अवलंबून असे. देठातून रक्तपुरवठा चालू राही, म्हणून नव्या जागी रुजेपर्यंत कातडी जिवंत राही. सांधा टाक्यांऐवजी काताने धरला जाई. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवीत. चार दिवस त्यांना हात लावीत नसत. नंतर त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवीत. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत. देठ सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडला जाई व मग नाकाला शेवटचा आकार दिला जाई.

चित्र व प्रसिद्धी

जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजींचे व्यक्तिचित्र काढले. त्यावरून केलेल्या कोरीव चित्रासह हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आला. नवे नाक पक्के बसले असून कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा जाणवत नाही, असे त्यात नमूद होते. रुग्णाचे नाव छापले गेले. शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्र केवळ जात नोंदवली गेली.

वारसा

हा वृत्तान्त वाचून इंग्रज शल्यचिकित्सक जोसेफ कार्पू यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीपासून नाक घडवण्याची कृती आहे. कपाळाच्या कातडीची रीत पुढे ‘भारतीय पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली आणि सुधारित रूपात आजही वापरली जाते.

तिच्यामागील तत्त्व केवळ नाकापुरते नाही. पोटावरील सैल कातडी काढण्याच्या आजच्या सौंदर्यशस्त्रक्रियेतही उचललेल्या कातडीचा रक्तपुरवठा जपावा लागतो. रक्तवाहिन्यांपासून दूर असलेली कड ताणली गेली, किंवा धूम्रपानाने रक्तपुरवठा मंदावला, तर ती काळी पडते, जखम उघडते व भरून येण्यास बराच काळ लागतो. जखम भरण्यापूर्वी देठ तोडू नये, हा पुण्याजवळच्या त्या कारागिराने पाळलेला नियम याच जाणिवेवर उभा होता.