झेब्र्याचे पट्टे असलेलं विमान

सेरेंगेटीची सफारी तुमच्या बकेट लिस्टवर असेल, तर पैशांच्याही आधी महिना ठरवा. फेब्रुवारीच्या आसपास गेलात तर दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानांत विल्डबीस्टची हजारो पिल्लं जन्मताना दिसतील. मगरी दबा धरून बसल्यात आणि कळप धडाधड नदीत उड्या टाकतोय, हा रील्समधला सीन हवा असेल तर मात्र जुलैनंतर, उत्तरेला मारा नदीवर. कळप कधी कुठे असतो, हे आज कुठलीही टूर कंपनी फोनवर सांगते. १९५७ मध्ये ते नकाशावर नीट मांडलेलं नव्हतं. मसाई गुराख्यांना ठाऊक असणारच, पण सरकारी नकाशे त्यांना विचारून थोडेच बनत होते!

हे काम अंगावर घेतलं ते जर्मनीतल्या एका बाप-लेकाने. बर्नहार्ड ग्झिमेक आणि मायकेल.

बर्नहार्ड यांचा जन्म १९०९ चा. शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर. १९४५ मध्ये फ्रँकफर्टचं प्राणिसंग्रहालय त्यांच्या हाती आलं, तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी त्याचा पार चुराडा झाला होता. मोजकीच जनावरं वाचलेली. ते बंदच करावं असं अनेकांचं मत होतं. यांनी आवारात सर्कसवाले आणले, डोंबाऱ्यांसारखे तारेवरचे खेळ लावले, तिकिटं विकली आणि प्राणी जगवले. पुढचं सगळं आयुष्य याच वृत्तीचं आहे : आधी गर्दी जमवा, मग तिच्या पैशांतून प्राणी वाचवा.

१९५६ मध्ये बाप-लेकाने आफ्रिकेतल्या वन्यजीवांवर एक सिनेमा काढला आणि तो चांगला चालला. तेव्हा टांगानिकावर (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) ब्रिटिशांचा ताबा होता आणि सेरेंगेटी पार्कचा काही भाग तोडायचं घाटत होतं. सिनेमाच्या कमाईतून पार्कसाठी जमीन घ्यावी, असं या दोघांच्या मनात आलं. पार्कवाल्यांनी सुचवलं, जमीन नको. इथे जनावरं किती आहेत आणि ती जातात कुठे, तेवढं शोधून द्या.

मग दोघंही विमान चालवायला शिकले. अगदी हळू आणि खालून उडू शकेल असं छोटं डॉर्निअर विमान घेतलं, त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवले आणि फ्रँकफर्टहून थेट आफ्रिका गाठली. मायकेल तेव्हा २३ वर्षांचा होता. पट्ट्यापट्ट्याने उडत त्यांनी मोजणी केली. आकडा आला ३,६६,९८०. त्यात विल्डबीस्ट साधारण १ लाख. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं वेगळंच निघालं. कळप वर्षभर फिरत होते आणि पार्कच्या आखलेल्या हद्दीबाहेर जात होते. म्हणजे नकाशावरची रेषा जनावरांच्या वाटेशी जुळतच नव्हती.

१० जानेवारी १९५९. मायकेल एकटाच विमानात होता. एक गिधाड विमानाच्या पंखावर आदळलं आणि विमान कोसळलं. तो २४ वर्षांचा होता. सिनेमा अर्धवट पडला होता. बापाने तो पूर्ण केला. ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ अशा अर्थाच्या नावाचा तो माहितीपट १९६० मध्ये ऑस्कर घेऊन आला. त्याच नावाचं पुस्तकही जगभर वाचलं गेलं.

सरकारने मात्र व्हायचं ते केलंच. १९५९ मध्ये न्गोरोंगोरोचा प्रदेश पार्कपासून वेगळा झाला. उत्तरेला मात्र पार्कची हद्द वाढली.

आता त्यांची एक भन्नाट थाप. जर्मन टीव्हीवर त्यांचा प्राण्यांचा कार्यक्रम तुफान चालायचा. शेजारी टेबलावर एखादा जिवंत चित्ता वगैरे. टांगानिका स्वतंत्र होऊ घातलं होतं. नव्या गरीब देशाला जंगलातून पैसा दिसला नाही तर तो जंगल राखेल कशाला, असा यांचा हिशेब. म्हणून त्यांनी एकदा खुशाल सांगून टाकलं की पूर्व आफ्रिकेची स्वस्त सहल आता बुक करता येते. अशी सहल अस्तित्वातच नव्हती! लोक ट्रॅव्हल कंपन्यांच्या दारात धडकले आणि कंपन्यांना ती काढावी लागली. आज आपण जे सफारी पॅकेज शोधतो, त्याच्या मुळाशी असल्या उचापतीही आहेत.

पण या माणसाचा नुसता उदो उदो करून चालणार नाही. नॅशनल पार्कात माणूस नकोच, तिथला स्थानिकही नको, असं त्यांचं ठाम मत होतं. १९५९ मध्ये मसाईंना सेरेंगेटीतून बाहेर काढलं गेलं. निर्णय ब्रिटिश सरकारचा, पण ग्झिमेक यांच्या सिनेमा-पुस्तकाने त्याच विचाराला जगभर वजन दिलं. ज्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या या जनावरांशेजारी चरली, त्यांनाच उपरं ठरवलं गेलं. तो वाद न्गोरोंगोरोच्या आसपास आजही धुमसतोय. शिवाय विल्डबीस्ट आज साधारण १३ लाख आहेत, त्यामागचं मोठं कारण साधं आहे : गुरांमधली बुळकांडी आटोक्यात आली, तशी ती जंगलातूनही गेली.

ग्झिमेक १९८७ च्या मार्चमध्ये फ्रँकफर्टला सर्कशीचा खेळ बघता बघता गेले. त्यांच्या अस्थी टांझानियात नेल्या. अरुशाहून सेरेंगेटीला निघालेल्या जीप न्गोरोंगोरो विवराच्या काठावरून जातात. तिथे रस्त्याजवळ दगड रचून केलेलं एक छोटं स्मारक आहे. बाप-लेक तिथेच आहेत. ड्रायव्हर थांबला नाही तर पाच मिनिटं थांबायला सांगा. आणि तो मसाई असेल, तर त्याला या दोघांबद्दल काय वाटतं, तेही विचारा.