वार्धक्याला प्रयोगशाळेत नेणारा शास्त्रज्ञ

दही खाल्ल्याने आयुष्य वाढते, ही समजूत जगभर रुजवण्यात ज्यांचा सर्वाधिक वाटा आहे, ते इल्या मेचनिकॉव्ह हे वैद्य नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. १९०८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले, ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ज्या प्रश्नाचा ध्यास घेतला, तो निराळा होता. आहार बदलून म्हातारपण लांबवता येईल काय, हा तो प्रश्न. जरावस्थेच्या अभ्यासाला आज जगभर वापरले जाणारे जेरॉन्टॉलॉजी हे नावही त्यांनीच १९०३ मध्ये दिले.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेला हा भाग आज युक्रेनमध्ये आहे. कुशाग्र बुद्धीच्या या विद्यार्थ्याने खारकोव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा केला. पुढे जर्मनी आणि इटलीत समुद्री जीवांचा अभ्यास करून ते मायदेशी परतले आणि वयाच्या पंचविशीतच ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

विद्वत्तेच्या या चढत्या कमानीच्या सावलीत त्यांचे खासगी आयुष्य मात्र दुःखाने काळवंडलेले होते. त्यांची पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगली होती, की १८६९ मध्ये विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षांच्या शुश्रूषेनंतर मदीरा बेटावर तिचे निधन झाले. त्या आघाताने खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते बचावले. १८७५ मध्ये ओल्गा यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. काही वर्षांनी त्याही विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. त्या काळात निराशेच्या गर्तेत सापडलेल्या मेचनिकॉव्ह यांनी तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. या दुखण्यातूनही ते उठले आणि त्यांचा स्वभाव पालटला. जीवनाचा वीट आलेला हा माणूस जीवनाचा कट्टर पुरस्कर्ता झाला. याच सुमारास, १८८१ मध्ये, त्यांचे थोरले बंधू इव्हान इलिच वयाच्या ४५व्या वर्षी निधन पावले. टॉलस्टॉय यांना आपल्या सुप्रसिद्ध दीर्घकथेतील इव्हान इलिच या बंधूंच्या आजारपणावरून सुचला, असे मानले जाते. अकाली मृत्यू हा मेचनिकॉव्ह यांच्यासाठी केवळ ग्रंथातील विषय उरला नव्हता.

१८८२ मध्ये, राजकीय अस्वस्थतेमुळे विद्यापीठ सोडून ते कुटुंबासह सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. तारामाशाची पारदर्शक अळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना त्यांच्या मनात एक कल्पना चमकली. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे अळीच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. परक्या वस्तूला वेढून गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजेच भक्षक पेशी. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी अशाच लढतात, हा त्यांचा सिद्धान्त पुढे रोगप्रतिकारशास्त्राचा पाया ठरला.

ओडेसात लस तयार करण्याच्या संस्थेचे प्रमुखपद त्यांना मिळाले खरे. पण वैद्यकाची पदवी नसलेल्या या माणसाशी स्थानिक डॉक्टरांचे पटले नाही. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली आणि पुढील २८ वर्षे तेच त्यांचे घर झाले. ओडेसातील त्यांचे शिष्य वाल्देमार हाफकिन हेही पाठोपाठ तेथे आले. हेच हाफकिन पुढे भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे थैमान सुरू झाल्यावर त्यांनी प्रतिबंधक लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव मिरवते.

प्रथम स्वतःवर प्रयोग करण्याची ही वृत्ती गुरूमध्येही होतीच. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ असताना मेचनिकॉव्ह यांनी पटकीचे जंतू असलेले द्रावण पिऊन टाकले. त्यांना काहीच झाले नाही. पुढे तेच द्रावण घेणारा एक तरुण स्वयंसेवक मात्र मरणाच्या दारातून परतला. एकच जंतू एकाला सोडतो आणि दुसऱ्याला गाठतो, याचा अर्थ काय? आतड्यात आधीपासून वसलेल्या जीवाणूंपैकी काही पटकीला रोखतात आणि काही तिला हातभार लावतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वार्धक्याविषयीच्या त्यांच्या विचाराचे बीज येथेच पडले.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. मोठ्या आतड्यात अन्न साचून कुजते. कुजविणारे जीवाणू विषद्रव्ये निर्माण करतात, ती रक्तात मिसळतात आणि शरीराच्या नाजूक ऊती दुर्बळ होतात. मग ज्या भक्षक पेशी रक्षण करतात, त्याच मेंदूच्या व इतर अवयवांच्या दुबळ्या पेशींवर तुटून पडतात. पोपटासारखे पक्षी दीर्घायुषी असतात, कारण त्यांचे मोठे आतडे नावापुरतेच असते, असा दाखलाही ते देत. यावर उपाय काय? दूध आंबवणारे जीवाणू जे आम्ल तयार करतात, त्यात कुजविणारे जीवाणू वाढत नाहीत. तेव्हा आंबवलेले दूध नियमित घ्यावे, हे ओघानेच आले. आंबट दूध पिणाऱ्या बल्गेरियातील खेडुतांच्या दीर्घायुष्याच्या वार्तांनी या विचाराला बळ दिले. १८९८च्या सुमारास, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांनी स्वतःसाठी कडक पथ्य आखले. मद्य वर्ज्य, कच्चे अन्न वर्ज्य आणि रोज आंबवलेले दूध. शेवटपर्यंत त्यांनी ते मोडले नाही.

जून १९०४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिले आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. बघता बघता आंबट दुधाची लाट युरोप आणि अमेरिकेत पसरली. औषधांच्या दुकानांत जीवाणूंच्या गोळ्या व भुकट्या आल्या. व्याख्यानातील सावधगिरी जाहिरातीत उतरली नाही. लंडनमधील सर आर्बथनॉट लेन हे शल्यविशारद तर रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले होते. मेचनिकॉव्ह यांचा स्वतःचा भर मात्र आहारावरच राहिला. १९०७ मध्ये दीर्घायुष्यावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०९ मध्ये त्यांनी यास्नाया पोल्याना येथे जाऊन टॉलस्टॉय यांची भेट घेतली. मृत्यूच्या भयावर एकाने नीतीत उत्तर शोधले होते, दुसऱ्याने विज्ञानात.

पहिल्या महायुद्धाने त्यांची प्रयोगशाळा ओस पाडली. तरुण सहकारी आघाडीवर गेले. हृदयविकाराने ग्रासलेले मेचनिकॉव्ह अखेरच्या दिवसांतही स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवत होते. आपल्या मृतदेहाची तपासणी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. जुलै १९१६ मध्ये वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन करण्यात आल्या. जगाला शतायुष्याची आशा दाखवणारा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावरच गेला, अशी कुजबुज झाली. त्यांचे स्वतःचे स्पष्टीकरण असे होते, की पथ्य सुरू करायला उशीर झाला.

खरे तर त्यांचा मृत्यू सिद्धान्ताच्या विरोधातील पुरावा ठरत नाही, तसे त्यांचे ७१ वर्षांचे आयुष्य बाजूचा पुरावाही ठरत नाही. पथ्य पाळले नसते तर ते किती जगले असते, हे सांगणार कोण? बल्गेरियातील खेडुतांची हवा, श्रम, आहार हे सारेच पॅरिसकरांहून वेगळे होते. त्यातून एकट्या दुधाचे श्रेय वेगळे काढता येत नाही. पटकीच्या प्रयोगाने एका माणसाच्या अनुभवातील हा धोका दाखवून दिला होता.

पुढच्या पिढीने हा धडा घेतला. १९२१च्या सुमारास येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी दाखवून दिले, की बल्गेरियन दह्यातील जीवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाहीत. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी पोषक द्रव्ये पुरेशी, पण उष्मांक कमी असा आहार उंदरांना दिला, तेव्हा त्यांचे आयुष्य लक्षणीय वाढले. माणसांवरील चाचण्यांचा हिशेब याहून संयमित आहे. अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० जणांना दोन गटांत विभागण्यात आले. त्यांपैकी एका गटाने दोन वर्षे आहार कमी केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात वार्धक्याचा वेग एका मापाने दोन ते तीन टक्के मंदावलेला दिसला. इतर मापांत फरक आढळला नाही. पाच दिवसांच्या उपवाससदृश आहाराची तीन आवर्तने केलेल्यांचे जैविक वय सुमारे अडीच वर्षांनी कमी भरले, असे २०२४ मधील अभ्यास सांगतो. स्वित्झर्लंडमधील ७७७ ज्येष्ठांच्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेतल्याने तीन वर्षांत काही मापांवर तीन ते चार महिन्यांचा फरक दिसल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. हे आकडे मापांचे आहेत. त्यामुळे माणूस प्रत्यक्षात अधिक काळ जगतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

मोठे आतडे निरुपयोगी असल्याचे मेचनिकॉव्ह यांचे मत काळाने खोडून काढले. आतड्यातील जीवाणूंचा आरोग्याशी निकटचा संबंध असतो, हा त्यांचा कयास मात्र आज संशोधनाचा मोठा विषय बनला आहे. जैविक वय मोजण्यासाठी सामान्यतः रक्तातील पांढऱ्या पेशींवरील रासायनिक खुणा वाचल्या जातात. ज्या पेशींच्या अभ्यासाने त्यांना कीर्ती मिळाली, त्यांच्याकडेच शास्त्रज्ञ पुन्हा वळले आहेत. वार्धक्य निमूटपणे न स्वीकारता त्याची कारणे तपासता येतात, ही दृष्टी त्यांनी दिली. उत्तरे देण्याची घाई त्यांनी केली असेल. दुकानदारांनी त्याहून अधिक केली. दीर्घायुष्याची नवी भुकटी वा नवे उपवासतंत्र बाजारात येते, तेव्हा ते किती जणांवर, किती वर्षे आणि कोणत्या मापाने तपासले, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.