पसंतीचा आकडा आणि बाबासाहेब

जोतिबाच्या डोंगरावरचा पदवीधर बांधव पुणे पदवीधर मतदारसंघात मत देतो. तिथे शिक्का नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. १ लिहिला नाही किंवा नुसती खूण केली, तर मत बाद! म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आम्ही एकदा मतपत्रिकेच्या अंगानेही वाचले पाहिजे.

१९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले. मार्च १९२० मध्ये आमच्याच कोल्हापूरच्या मुलखात, माणगावला, राजर्षी शाहूंनी त्यांचे नेतृत्व समाजापुढे जाहीर केले. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात मतदाराला आपली सारी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. अल्पसंख्य समाज एकवटला आणि बाबासाहेब भायखळा-परळमधून विधिमंडळात गेले.

१९४६ मध्ये घटना समितीचे सभासद प्रांतांचे आमदार पसंतीक्रमाने निवडणार होते. या पद्धतीत ठराविक कोटा पुरा केला की जागा मिळते, जादा मते व बाद झालेल्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. बहुमतवाल्यांच्या मेहेरबानीची गरज उरत नाही. मुंबईतून वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या धडपडीने बंगालमधून बाबासाहेब निवडून आले. फाळणीनंतर १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा घटना समितीत गेले.

आता १९५२ पाहा. उत्तर मुंबईचा दोन जागांचा मतदारसंघ. मते दोन, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास कायद्याने मनाई. सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली आणि बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजारांनी पडले. मते वाया घालवण्याचा प्रचार झाल्याची त्यांची तक्रारही फेटाळली गेली. त्याच वर्षी आमदारांच्या पसंतीक्रमाच्या मतांनी ते राज्यसभेत गेले आणि ६ डिसेंबर १९५६ पर्यंत तिथेच राहिले.

माणूस तोच, समाज तोच. मते मोजण्याचा नियम बदलला की निकाल बदलला. आमचे गट अनेक आहेत. साध्या निवडणुकीत ही फूट आम्हाला बुडवते. पसंतीक्रमात मात्र आपल्या गटाला १ आणि दुसऱ्या आंबेडकरी गटाला २ देता येतो. २ लिहिल्याने १ ला धक्का लागत नाही. तरीही भांडणापायी आम्ही दुसरा रकाना कोरा सोडतो. पुढच्या पदवीधर निवडणुकीपूर्वी प्रत्येक विहारात कोरा कागद घेऊन हा आकडा गिरवा. बाबासाहेबांनी मिळवलेले मत बाद होऊ देऊ नका.