संत इग्नेशियस : कष्ट आणि कृपा

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले हे सरदार अंथरुणावर ख्रिस्तचरित्र वाचून पालटले. १५२२ मध्ये मान्रेसा येथे ते रोज सात तास प्रार्थना करीत, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत. तरी मन शांत होईना. देव दया करीपर्यंत जेवायचे नाही, असा हट्ट धरून ते आठवडाभर उपाशी राहिले. धर्मगुरूंनी उपास सोडायला सांगताच त्यांनी आज्ञा पाळली. पुढे जुनी पापे उगाळणेही सोडले. नंतर कार्दोनेर नदीकाठी बसले असता त्यांना अवचित प्रकाश लाभला. प्रयत्न मात्र सुटले नाहीत. तिशी उलटल्यावर ते मुलांबरोबर लॅटिन शिकले.

आम्हीही उपास, नोव्हेना करतो, पण मनात देवाशी सौदा मांडतो. कष्ट आपले, कृपा त्याची!