डेव्ह गॅलाहर : काळ्या गणवेशाचा कर्णधार

विजयाच्या दिवशी सर्वच खेळाडू शोभून दिसतात. त्यांची खरी पारख होते ती निंदेच्या आणि पराजयाच्या प्रसंगी. न्यूझीलंडचा रग्बीपटू डेव्ह गॅलाहर याला या दोन्ही कसोट्या एकाच दौऱ्यात द्याव्या लागल्या.

त्याचा जन्म १८७३ साली आयर्लंडमधील रॅमेल्टन गावी झाला. १८७८ मध्ये त्याच्या आईवडिलांनी न्यूझीलंडची वाट धरली. आई शाळेत शिकवून संसार चालवी. १८८७ मध्ये ती निवर्तली आणि तेरा वर्षांच्या डेव्हला शाळा सोडून कामाला लागावे लागले. पुढे ऑकलंड शहरी पॉन्सन्बी क्लबातर्फे खेळून त्याने नाव मिळविले. बोअर युद्धात सैनिक म्हणून राहून आल्यावर १९०३ साली तो देशाच्या संघात आला आणि १९०५ च्या ब्रिटनच्या दौऱ्यात कर्णधार झाला.

रग्बीत दोन्ही बाजूंचे आघाडीचे गडी खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करतात. तिला स्क्रम म्हणतात. इतर संघ त्यात आठ गडी घालीत, न्यूझीलंडकर सातच. आठवा मोकळा गडी म्हणजे ‘विंग-फॉरवर्ड’, आजच्या फ्लँकरचा जणू पूर्वजच. हीच गॅलाहरची जागा. तो चेंडू स्क्रममध्ये टाकी व लगेच बाजूस उभा राहून आपल्या हाफबॅकला आडोसा देई. हा अडथळा आहे, लबाडी आहे, अशी ब्रिटिश वृत्तपत्रांनी एकच ओरड केली. गॅलाहर डगमगला नाही. नियमात बसते तेच आपण खेळतो, अशी त्याची श्रद्धा होती. पहिल्याच सामन्यात डेव्हनचा ५५-४ असा धुव्वा उडाला. सबंध दौऱ्यात ३५ पैकी ३४ सामने या संघाने जिंकले. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच दौऱ्यात सर्वतोमुखी झाले.

हरला तो एकच सामना, १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे, वेल्सविरुद्ध ३-० असा. डीन्स या खेळाडूने चेंडू रेषेपार टेकविला होता की नाही, हा वाद पुढे कित्येक वर्षे गाजत राहिला. परंतु सामना संपताच गॅलाहरने, सरस संघ जिंकला, असे मोकळ्या मनाने सांगितले. निंदेने जो खचला नव्हता, तो पराजयाने कडवटही झाला नाही.

पहिल्या महायुद्धात वयामुळे त्याच्यावर सक्ती नव्हती. तरीही १९१६ साली तो आपण होऊन सैन्यात दाखल झाला. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममधील पॅशनडेलच्या लढाईत त्याला वीरमरण आले. त्याची समाधी त्याच देशात आहे.

विंग-फॉरवर्डची ती जागा १९३२ च्या सुमारास नियम बदलून खेळातून गेली. तिच्यासाठी बोल सोसणाऱ्या गॅलाहरचे नाव मात्र राहिले. ऑकलंडचे क्लब १९२२ पासून ज्या ढालीसाठी झुंजतात, तिला त्याचेच नाव आहे.