डॉ. होमी भाभा आणि मुंबईचे गणकयंत्र

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की अणुशक्तीची आठवण होते, व ते योग्यच होय. परंतु ज्या विजेच्या गणकयंत्रांवाचून आज धाराशिवच्या बँकेचाही व्यवहार चालत नाही, तसे यंत्र आपल्या देशात घडविले जाण्यास त्यांचे केवढे साह्य झाले, हे आमच्या विद्यार्थ्यांस फारसे ठाऊक नसते. म्हणून त्यांच्या चरित्राचा तो भाग आम्ही येथे विस्ताराने सांगणार आहो.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस झाला. कॅथेड्रल व जॉन कॉनन शाळेत शिकून १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्रशास्त्र शिकावे व जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात यावे अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन पदार्थविज्ञानावर बसलेले. यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उतरल्यास हवे ते शिकण्यास परवानगी मिळेल, असे ठरले. १९३० साली मुलाने ती अट पुरी केली. पालकांनी ही तडजोड ध्यानी घेण्याजोगी आहे.

१९३९ साली ते सुटीवर स्वदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगलोरच्या संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन आरंभिले. हे किरण मोजताना एकामागे एक ठेवलेल्या नळ्यांनी एकाच क्षणी खूण दिली, तरच कण आरपार गेला असे धरीत. ही आणि ती अशा दोन्ही खुणा पटल्या तरच उत्तर देणारे विद्युतमंडल हे गणकयंत्राचे मूळ अक्षरच होय. मुंबईस १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली, तीत अशी मंडले जुळविणारी मंडळी प्रारंभापासून होती.

कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेने १९५५ च्या सुमारास विलायतेहून गणकयंत्र मागविले. भाभांच्या संस्थेने मात्र ते स्वतः बांधावयाचे ठरविले. भाभांनी मंडलांची रचना स्वतः केली नाही, ती आर. नरसिंहन् आदी तरुणांनी केली. भाभांचे काम विश्वास टाकण्याचे, आणि आमच्या मते तेच अधिक कठीण. १९५६ साली लहान नमुना चालू झाला, १९६० साली पूर्ण यंत्र. त्यात २,७०० व्हॉल्व्ह व १,७०० जर्मेनियमचे डायोड होते. डायोडांनी ‘आणि’, ‘किंवा’ हे निर्णय साधतात. पण ‘नाही’ साधत नाही, आणि प्रत्येक पायरीस खूण क्षीण होते. व्हॉल्व्ह ती उलटवितो व पुन्हा सबळ करितो. मात्र तो तापतो आणि जळतोही. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्या यंत्रास टिफ्रॅक हे नाव दिले.

येथे कोणी म्हणेल, हे श्रम वायाच गेले. कारण तोवर परदेशी व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती. आक्षेप खोटा नाही. गायनात जशी घराणी, तशीच या मंडलांतही झाली: प्रथम रोध व ट्रान्झिस्टर यांचे, मग डायोड व ट्रान्झिस्टर यांचे, पुढे केवळ ट्रान्झिस्टरांचे, आणि स्वस्थ असता जवळजवळ वीजच न खाणारे सीमॉस, जे आज सर्वत्र नांदते आहे. एका घराण्याची खूण दुसऱ्यास दुभाष्यावाचून पुष्कळदा कळत नाही. १९६४ साली भाभांच्या संस्थेतही अमेरिकन यंत्र आणावे लागले. परंतु घराणे बदलले तरी सूर ओळखणारा कान तोच लागतो, आणि तो येथील तरुणांपाशी तयार झाला होता.

१९६३ साली सरकारने इलेक्ट्रॉनिक्ससंबंधी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ साली आलेल्या तिच्या अहवालाने या विद्येत देशाने स्वावलंबी व्हावे असा मार्ग आखला. त्याच वर्षी २४ जानेवारीस व्हिएन्नाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर विमान आदळून भाभांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते.

पुढील वर्षी, १९६७ साली, हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. तुर्भ्याच्या अणुकेंद्रातील इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच ती वाढली. निवडणुकीच्या दिवशी आपल्या जिल्ह्यातील शाळांतून जी मतदानयंत्रे मांडली जातात, ती ही संस्था आणि बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स याच दोघी बनवितात.